दोन-तीन जणांच्या कॅम्पिंगला गरम जेवण करायचंय, तर आटोपशीर भांडी कोणती घ्यावीत?

तुम्ही सह्याद्रीत एक-दोन रात्री मुक्कामाला जाणार आहात आणि ऑनलाइन दिसणारा दहा तुकड्यांचा कॅम्पिंग सेट घ्यावा का, असं विचारलंय. माझं मत: घेऊ नका. त्या दहांत घासणी, जाळीची पिशवी, प्लास्टिकच्या वाट्या आणि भातवाढीसुद्धा मोजलेली असते. कामाचं भांडं एकच, तेही बहुतेक वेळा लिटरभराचं. सोबतचा पॅन इतका पातळ असतो की ऑम्लेट मध्ये करपतं आणि कडेला कच्चं राहतं.

आधी काय शिजवणार ते ठरवा, मग भांडं. नुसता चहा, मॅगी, सूप असेल तर लिटरभराचं भांडं पुरे. खिचडी करायची तर हिशेब बदलतो. दोघांना साधारण 160 ग्रॅम तांदूळ, 70 ग्रॅम मूगडाळ आणि लिटरभर पाणी लागतं. फेस वर येतो, त्यासाठी वर थोडी मोकळी जागा हवी, म्हणजे दीड लिटरचं भांडं. तिघांना दोन लिटरचं. यापेक्षा लहान घेतलंत तर खिचडी उतू जाऊन बर्नरमध्ये सांडते. बर्नरची भोकं बुजली की ज्योत पिवळी होते आणि भांडं काळं पडतं.

आता धातू. टायटॅनियम हलकं आणि महाग, पण उष्णता पसरवण्यात फारच कमी पडतं. ज्योतीच्या वरचा गोल तेवढा तापतो आणि खिचडी तिथेच खाली लागते. पातळ स्टीलचंही तेच दुखणं. शिजवायचं असेल तर हार्ड अॅनोडाइज्ड (वर कडक संरक्षक थर दिलेलं) अॅल्युमिनियम घ्या. ते उष्णता नीट पसरवतं, आणि आंबट आमटी किंवा टोमॅटो घातला तरी साध्या जर्मनच्या भांड्यासारखं खराब होत नाही. नॉनस्टिकच्या वाटेला जाऊ नका. त्यात स्टीलचा पेला आणि चमचे कोंबून सॅक भरली की पहिल्याच ट्रेकला ओरखडे पडतात. बुडाखाली धातूच्या बारीक पट्ट्या असलेली, जलद उकळणारी भांडी पाण्यासाठी उत्तम, दाट पदार्थाला नाही.

आकार बघताना बूड रुंद, उंची कमी असं बघा. उंच आणि अरुंद मगमध्ये निम्मी ज्योत बाजूने वर निघून जाते. 230 ग्रॅमच्या गॅसच्या डब्याचा व्यास सुमारे 11 सेंटीमीटर असतो, तेव्हा आतून 12 ते 14 सेंटीमीटरचं भांडं घेतलंत तर गॅस, बर्नर आणि लायटर आतच बसतात. फार रुंदही नको. 18 सेंटीमीटरच्या पुढे गेलात तर डब्यावरच्या छोट्या बर्नरवर भांडं डुगडुगतं आणि खालचा डबाही तापतो.

झाकण घट्ट हवं. भात गाळायची भोकं असलेली झाकणं दिसायला सोयीची, पण वाफ आणि गॅस दोन्ही वाया घालवतात. दुमडणाऱ्या दांड्यांवरचं सिलिकॉन ज्योत लागली की जळतं, म्हणून दांडी पूर्ण बाहेर काढूनच भांडं ठेवा. खरं तर घरातला दीड लिटरचा जाड बुडाचा टोप, त्यावर बसणारी ताटली आणि एक सांडशी एवढ्यात काम भागतं. नवं काही विकत घ्यायलाच हवं असं नाही.

हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर, म्हणजे 1424 मीटरवर, पाणी साधारण 95 अंशांनाच उकळतं. तूरडाळ कुकरशिवाय शिजवायच्या फंदात पडू नका. मूग किंवा मसूर घ्या. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवा, पाणी उकळल्यावर मंद आचेवर दहा-बारा मिनिटं ठेवा, मग गॅस बंद करून टोप टॉवेलात गुंडाळून पंधरा मिनिटं राहू द्या. उरलेलं काम वाफ करते. दोन लिटरचा कुकर वजनाला भारी आणि छोट्या बर्नरवर डोईजड. गाडी जागेवर जात असेल तरच न्या.

वारा नसेल तर लिटरभर पाणी उकळायला 12 ते 15 ग्रॅम गॅस लागतो, वाऱ्यात याच्या दुप्पट सहज. म्हणून आडोसा करा, पण डबा चारही बाजूंनी झाकू नका. डब्याला हात लावून बघा, चटका बसला तर लगेच बंद करा. लांबट ब्यूटेनचा डबा शेगडीत आडवा बसवताना तोंडाची खाच वर हवी, नाहीतर आतून द्रव गॅस येऊन भडका उडतो. हिमालयात जाणार असाल तर नुसतं ब्यूटेन चालणार नाही. ते शून्याच्या आसपास वायू व्हायचंच थांबतं. आयसोब्यूटेन-प्रोपेन मिश्रणाचा, आटे असलेला डबा घ्या. किती उरलाय ते कळायला नवा डबा घरच्या वजनकाट्यावर ठेवून आकडा त्यावरच लिहून ठेवा. आणि तंबूच्या आत शेगडी नको, पाऊस असला तरी. शेगडीतून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही.

खरकटं भांडं गडावरच्या टाक्यात बुडवू नका. पाणी बाहेर काढून, टाक्यापासून लांब जाऊन, थोड्या पाण्यात काथ्याने घासा. लगेच घासणं जमत नसेल तर टोपात भांडंभर नाही, पेलाभर पाणी घालून झाकण लावून ठेवा, लागलेलं सुटतं.

एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही: गॅसचा डबा विमानात चालत नाही, आणि रेल्वेतही नेता येत नाही, लोकलमध्येसुद्धा. हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे तिथे लाकडं गोळा करून चूल पेटवण्याचा पर्यायही धरू नका. लोकलने कसाऱ्याला किंवा कल्याणला उतरून पुढे जाणार असाल तर पायथ्याच्या पाचनईत किंवा खिरेश्वरला आधी फोन करून घरगुती जेवण सांगून ठेवा आणि भांडी घरीच राहू द्या.