वांगं बंद केलं, तरी खाज थांबेना

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे. तीन वर्षांपासून त्याला इसब आहे. कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणी सदा खरखरीत, काळपट. रात्री झोपेत खाजवून रक्त काढतो. सासूबाईंनी वांगं, दही, चिंच सगळं बंद केलंय. मी कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ घालते. मेडिकलवरून आणलेल्या ट्यूबने आठ दिवसांत बरं वाटलं, पण थांबवली की दुप्पट उठतं. आता डॉक्टरांनी मलम दिलंय, तर सगळे म्हणतात स्टेरॉईड आहे, कातडी जळेल. बऱ्या झालेल्या जागी पांढुरके डाग दिसतात, ते कोड तर नाही? आमचं पाणी बोअरचं, जड. ते मऊ करणारं मशीन बसवावं का?
– एक आई, यावल तालुका

उत्तर : ताई, पत्र वाचताना मला आमचं पारोळ्याकडचं घर आठवलं. चौथीत असताना माझ्या कोपराच्या लवणी अशाच होत्या. एप्रिलच्या उन्हातही मी पूर्ण बाह्यांचा फ्रॉक घालायचे. माय कडुलिंबाचा पाला उकळून आंघोळ घालायची आणि सोललेल्या जागी ते पाणी लागलं की मी न्हाणीतून पळायचे. तिने मायेनेच केलं. पण इतकी वर्षं कातडीचे पेशंट बघितल्यावर तुम्हाला स्पष्ट सांगते, ते पाणी आजपासून बंद करा. पाण्यात डेटॉलही नको.

इसब म्हणजे पोटातून बाहेर पडणारी घाण नव्हे. काही मुलांची कातडी मुळातच ओल धरून ठेवत नाही. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या छताच्या, घराचं कसं असतं? माती भेगाळली की पाणी आत उतरतं, म्हणून दरवर्षी पावसाआधी नवी माती टाकावी लागते. या मुलांच्या कातडीला ती माती रोज टाकावी लागते, एवढाच फरक.

आता संध्याकाळी काय करायचं ते नीट सांगते, कारण सगळं इथेच ठरतं. कोमट पाणी, पाच-दहा मिनिटं, बस. साबण फक्त काखेत, जांघेत आणि पायांना, तोही सौम्य. घासणी नाही, डाळीचं पीठ नाही. जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्याने अंग टिपायचं, पुसायचं नाही. अंग अजून ओलसर आहे तोवर, दोन-तीन मिनिटांच्या आत, सगळ्या अंगाला मॉइश्चरायझर लावायचं, नुसत्या लवणींना नव्हे. महागडंच हवं असं नाही. बिनवासाचं साधं पेट्रोलियम जेली चालतं, खोबरेल चालतं. फक्त मे महिन्यात, पारा ४४-४५ वर गेला की जेली जाड पडते, घाम कोंडून घामोळं येतं. तेव्हा हलकं क्रीम घ्या. महिनाभर एकच छोटी ट्यूब पुरत असेल, तर तुम्ही फार कमी लावताय.

मेडिकलवरच्या ट्यूबचा मला मनापासून राग आहे. त्यांतल्या कितीतरी ट्यूबांत जोरदार स्टेरॉईड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र कालवलेलं असतं. आठ दिवस जादू वाटते. महिनोन् महिने लावलं की कातडी पातळ होते, लवणीत कायमचे चट्टे उमटतात. ती ट्यूब पुन्हा आणू नका. पण तिच्यामुळे डॉक्टरांच्या मलमाला घाबरू नका. त्यांनी मुलाचं वय आणि जागा बघून जोर ठरवलेला असतो. भीतीपोटी चिमूटभर लावलं की आजार विझत नाही, धुमसत राहतो, आणि शेवटी औषध जास्तच लागतं. माप लक्षात ठेवा : तुमच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. मलम आणि मॉइश्चरायझर यांत वीसेक मिनिटं जाऊ द्या. आणि थांबवायचं कधी? दिवसांवर ठरवू नका. डोळे मिटून लवणीवरून बोट फिरवा. खरखर लागत असेल तर आग अजून आत आहे. गुळगुळीत लागलं की पुढे कसं कमी करायचं ते डॉक्टरांना विचारा. वारंवार उलटणाऱ्या इसबात आठवड्यातून दोनदा त्याच जागी लावून ते धरून ठेवता येतं.

पांढुरक्या डागांनी माझ्या ओपीडीत किती आया रडतात! इसब ओसरलं की सावळ्या कातडीवर असे फिकट, कडा न दिसणारे डाग राहतात. काही महिन्यांत रंग भरतो. कोडाचा डाग खडूसारखा पांढरा असतो, कडा ठळक असते. शंका असेल तर दाखवून घ्या, पण रात्रीची झोप घालवू नका.

मशीनवर पैसे घालू नका. जड पाण्याच्या भागात इसब जास्त आढळतं हे खरं. पण इंग्लंडमध्ये ३३६ मुलांवर बारा आठवडे हाच प्रयोग झाला, २०११ साली निकाल छापून आला. मशीन बसवलेल्या घरांतल्या मुलांना काही जास्त गुण आला नाही. त्या पैशात दोन-तीन वर्षांचं मॉइश्चरायझर येईल.

आणि वांगं. अहो, यावलच्या पोराला भरीत बंद! काही खाल्ल्यावर तास-दोन तासांत अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील, तर तो पदार्थ थांबवा आणि डॉक्टरांना सांगा. नाहीतर वाढत्या मुलाचं दही-दूध तोडून इसब जात नाही, वजन मात्र जातं. सासूबाईंना म्हणावं, महिनाभर वर सांगितलेलं सगळं नेमाने करू आणि कळण्याच्या भाकरीबरोबर भरीतही देऊ. मग त्याच ठरवतील.

नखं दर रविवारी कापा. थंडीत लोकरी स्वेटरच्या आत सुती सदरा घाला. रात्री खाज सुटली की ओरडू नका, तो मुद्दाम करत नाही. गार पाण्यात पिळलेलं फडकं लवणीवर ठेवा. घरात बाकीच्यांनाही रात्री बोटांच्या बेचक्यांत खाजत असेल, तर ती खरूज असू शकते, तिचं औषध वेगळं.

पिवळी खपली धरली, पू आला, तर दोन दिवसांत दाखवा. ताप येऊन एकसारख्या बारीक फोडांचा घोस उठला, दुखू लागला, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठा. महिन्याभराने पुन्हा लिहा, आणि तो रात्री सलग किती झोपतो ते आवर्जून कळवा.