ती बोटं खोडून टाक

प्रिय मित्रा,

तुझी पटकथा दोनदा वाचली. पहिल्यांदा एका बैठकीत, दुसऱ्यांदा पेन्सिल हातात घेऊन. इचलकरंजीत यंत्रमाग चालवणाऱ्या माणसाची मुलगी, धावता धोटा नुसत्या नजरेनं हवेत थांबवणारी, ही कल्पनाच मला फार आवडली. कारखान्याला आग लागते, ती सगळ्यांना बाहेर काढते आणि स्वतः आत राहते, इथवर मी श्वास रोखून होतो. मग नामावली, आणि नामावलीनंतर राखेत हलणारी तिची बोटं. तिथे पेन्सिल थांबली. शेवट जमलाय का, असं तू विचारलंस. नाही जमला.

नामावलीनंतरच्या तुकड्याची चटक आपल्याला २००८च्या 'आयर्न मॅन'नं लावली. टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, घरी येतो आणि अंधारात निक फ्युरी, सुपरहिरोंची टोळी जमवणारा माणूस, उभा असतो. तिथे ते शोभलं, कारण कुणाचं काही गेलेलं नव्हतं, फक्त पुढचं दार उघडत होतं. तुझ्या गोष्टीत एक मुलगी गेली आहे. तिची बोटं हलली की आग खोटी ठरते, आणि आगीआधीचं सगळंच थोडं थोडं खोटं वाटायला लागतं.

ही चूक मोठ्यामोठ्यांकडून झाली आहे. १९७८चा 'सुपरमॅन' मी अजूनही प्रेमानं बघतो. भूकंपात त्याची प्रेयसी लोइस गाडीसकट जमिनीत गाडली जाते, सुपरमॅन तिला बाहेर काढतो आणि आकाशाकडे तोंड करून ओरडतो. ती किंकाळी खरी आहे. पण लगेच तो पृथ्वीभोवती गरगर उडून काळच मागे फिरवतो आणि लोइस पुन्हा गाडीत धडधाकट बसलेली. माणसांच्या इतिहासात ढवळाढवळ करू नकोस असं बापानं बजावलेलं असतं. ते तो मोडतो, आणि मोडल्याचं त्याला काहीच भोगावं लागत नाही. हा शेवट मुळात दुसऱ्या भागासाठी योजलेला होता, तो उचलून पहिल्याला लावला. जोड दिसते ती त्यामुळे.

आता 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' आठव, त्याच टोनी स्टार्कचा शेवट. टोनी मरतो म्हणून तो शेवट मोठा, असं तू मागे म्हणाला होतास. माझं मत वेगळं आहे. काळात मागे जायला तयार होताना टोनी काय म्हणतो ते नीट ऐक. गमावलेली माणसं परत आणायची, पण मला नंतर मिळालेलं, म्हणजे लेक, हातचं जाऊ द्यायचं नाही. आणि जमलं तर या भानगडीत जीव जाऊ नये. तीन मागण्या. पहिल्या दोन पुऱ्या होतात, तिसरी राहते. त्याचा जादूगार साथी डॉक्टर स्ट्रेंज यानं आधीच १,४०,००,६०५ भविष्यं पाहिली, जिंकायची वाट एकाच भविष्यात होती, आणि ऐन लढाईत तो नुसतं एक बोट वर करतो. टोनीला त्या क्षणी किंमत कळते आणि तो ती मोजतो. २०१९च्या एप्रिलमध्ये मी थिएटरात होतो. तीन तासांनंतरही माणसं सवयीनं बसून राहिली. पडद्यावर काहीच आलं नाही. फक्त लोखंडावर हातोडा पडल्याचा आवाज, अकरा वर्षांपूर्वी गुहेत पहिलं चिलखत ठोकलं तेव्हाचा. माझ्या पुढच्या रांगेतला एक पोरगा उठता उठता पुन्हा खाली बसला.

पण माझा सगळ्यात लाडका शेवट 'स्पायडरमॅन: नो वे होम'चा, २०२१चा. त्यात नायक मरत नाही. जग वाचवायचं तर पीटर पार्कर, म्हणजे स्पायडरमॅन, कोण हे सगळ्यांनी विसरायचं, असा तो सौदा. लढाई संपते आणि खरा शेवट तिथून सुरू होतो. पीटर त्याची प्रेयसी एमजे काम करते त्या दुकानात जातो. काय बोलायचं ते कागदावर लिहून आणलंय. ती अनोळखी गिऱ्हाईकाशी बोलावं तशी बोलते. तो कॉफी मागतो. ती आणि त्याचा जिवलग मित्र नेड आता एमआयटीत, अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठात, जाणार आहेत. मग त्याला तिच्या कपाळावरची, त्या लढाईत लागलं तिथली, पट्टी दिसते. ती म्हणते, आता दुखत नाही. तेवढ्यावर तो कागद न वाचताच निघतो. पुढे एक रिकामी खोली, एक शिलाई मशीन, स्वतः शिवलेला पोशाख आणि बाहेर बर्फ. ही दोन-तीन मिनिटं तू आवाज बंद करून बघ, मग आवाजासकट बघ. पट्टी दिसते तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय होतं, तेवढ्यासाठी तिसऱ्यांदा बघ.

माझी आजी श्रावणात कहाणी वाचायची. 'उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको' हे आधी बजावलेलं असायचं, मगच शेवटी 'साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण'. सुपरहिरोचे सिनेमे मी त्याच कानांनी ऐकतो. ताकद म्हणजे वसा. तो पाळायला नायकानं काय सोडलं, हे मला शेवटी दिसावं लागतं. 'द डार्क नाइट'मध्ये बॅटमॅन नाव सोडतो, सरकारी वकील हार्वी डेंटनं केलेले खून आपल्या अंगावर घेतो आणि पोलिसांची कुत्री त्याच्यामागे लागतात. 'मिन्नल मुरली' या मल्याळम सिनेमात तर मला खलनायक शिबूचाच वियोग जास्त लागला. ज्या उषासाठी त्यानं आयुष्य वाट पाहिली, ती आगीत जाते, आणि दिग्दर्शक बेसिल जोसेफ तिला परत आणत नाही.

तुझ्या नायिकेनं काय सोडलं? जीव, असं तू म्हणशील. पण तिला जीव हवा होता असं तू कुठे लिहिलंच नाहीस. तिला काय हवं होतं ते तिसऱ्या प्रसंगात आहे. मागांच्या खडखडाटानं बापाचे कान गेलेत, म्हणून ती त्याच्यासमोर उभी राहून सावकाश ओठ हलवत बोलते आणि तो ओठ वाचतो. अख्ख्या पटकथेतली सगळ्यात सुंदर जागा ती, आणि तू पुन्हा तिकडे फिरकला नाहीस.

तिला मारू नकोस. आगीतून ती बापाला बाहेर आणते. तोंडाला ओलं फडकं बांधलेलं, कारण धूर आहे आणि कारण कुणी ओळखू नये. गल्लीत सगळे जमलेत. बाप तिचा हात धरून विचारतो, पोरी, तू कुणाची? ती उत्तर देते. त्याला ऐकू येत नाही, आणि ओठ फडक्याआड आहेत.

तिथून पुढचं एक पान लिही आणि पाठव. बोटांचं पान मी खोडलं आहे.

तुझा,
काका