एकाच विभागातले दोन पगार

ताई, नमस्कार. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतील एका फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) मी गुणवत्ता विभागात अकरा वर्षे काम करते. मेटलर्जीचा डिप्लोमा झाल्यावर वडिलांच्या शब्दावर येथे लागले; मालक त्यांच्या जुन्या ओळखीतले. स्पेक्ट्रोमीटरवर धातूचे नमुने तपासणे, नाकारलेल्या कास्टिंगचे (ओतीव भागांचे) अहवाल लिहिणे आणि ग्राहक कंपन्यांचे ऑडिट सांभाळणे ही माझी कामे आहेत. माझ्यानंतर चार वर्षांनी आलेला, माझ्याइतकाच शिकलेला सहकारी हीच कामे करतो आणि त्याला ती मीच शिकवली. गेल्या महिन्यात कर्जाच्या कागदपत्रांसाठी त्याने माझ्यासमोर पगारपत्रक काढले, तेव्हा त्याला ४०,००० रुपये मिळतात हे कळले. मला ३१,००० मिळतात. मालकांना विचारले तर म्हणाले, “ताई, तुम्ही घरच्याच. त्याच्यावर अख्ख्या घराचा भार आहे, तुमचे मिस्टर मिळवते आहेत.” तो रात्रपाळी करतो आणि मी बाळंतपणाची रजा घेतली होती, हेही त्यांनी सांगितले. पती म्हणतात, घराचा हप्ता चालू आहे, वाद नको. कोअर शॉपमधल्या, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे कोअर करणाऱ्या विभागातल्या, मावश्यांनाही पुरुष हेल्परपेक्षा कमी हजेरी मिळते आणि त्या काही बोलत नाहीत, मग मीच का बोलावे, असेही वाटते. मी काय करावे? (नाव छापू नये.)

स. न. वि. वि.

तुमची तक्रार रास्त आहे, हे आधी स्पष्टपणे सांगते. कारण तुमच्या पत्रात ‘असे विचारणे बरोबर आहे का’ ही शंका इतक्या वेळा डोकावते, की मूळ अन्यायापेक्षा त्या शंकेनेच तुम्हाला जास्त थकवले असावे. तुम्ही कोणाकडे मदत मागत नाही आहात. केलेल्या कामाचा जो दर त्याच विभागात, त्याच मालकाने, दुसऱ्या माणसासाठी मान्य केलेला आहे, तो दर तुम्ही मागत आहात.

मालकांनी दिलेल्या कारणांपैकी ‘घराचा भार’ हे कारण सर्वांत जास्त पटण्यासारखे वाटते, म्हणून ते नीट तपासायला हवे. पगार जर घरच्या गरजेवर ठरत असेल, तर तुमच्या कारखान्यात अविवाहित मुलाचा पगार कमी असायला हवा आणि ज्या मावशींचे पती हयात नाहीत, ज्या एकट्याने मुलांची शिक्षणे करत आहेत, त्यांची हजेरी सर्वांत जास्त असायला हवी. तसे आहे का, हे तुम्ही स्वतःच आठवून पाहा. कोअर शॉपमध्ये अशी एक तरी बाई नक्की असेल, आणि तिच्या गरजेकडे पाहून कोणी तिची हजेरी वाढवली नसेल. म्हणजे गरज हा निकष पुरुषाच्या बाबतीतच आठवतो आणि बाईच्या बाबतीत तिचा नवरा किती मिळवतो हे मोजले जाते. हा निकष गरजेचा राहत नाही, तो स्त्री की पुरुष एवढ्यापुरताच उरतो.

ही समजूत तुमच्या मालकांनी एकट्याने शोधून काढलेली नाही, हेही लक्षात घ्या. आपल्या जिल्ह्यात उसाच्या भांगलणीला गेलेल्या बाईची हजेरी वेगळी आणि गड्याची हजेरी वेगळी, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कारखान्यांच्या हंगामात बाहेरच्या जिल्ह्यांतून येणाऱ्या ऊसतोड कामगारांमध्ये नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर दिली जाते, आणि पहाटेपासून मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रॉलीपर्यंत वाहणाऱ्या बाईच्या हातात स्वतःच्या नावाचा हिशेब येत नाही. शेतातला हा हिशेब फाउंड्रीत आला, तेव्हा त्याला कोणी हजेरी म्हटले, कोणी पगार म्हटले. बाईचे उत्पन्न हे घराला लागलेला हातभार असते, ही धारणा मात्र तशीच राहिली. म्हणून तुमचे मालक वाईट माणूस असतील असे मी गृहीत धरत नाही. परंतु चांगल्या माणसाच्या हातूनही दरमहा नऊ हजारांचा अन्याय होऊ शकतो, आणि त्याची दुरुस्ती त्याच्या स्वभावावर सोपवून चालत नाही.

कायदा याबाबत पुरेसा स्पष्ट आहे. समान कामासाठी समान वेतन हे तत्त्व राज्यघटनेच्या ३९व्या अनुच्छेदात आहे आणि १९७६च्या समान वेतन कायद्याने ते खासगी मालकांवरही बंधनकारक केले. तो कायदा आता २०१९च्या वेतन संहितेत सामावला गेला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. एकाच मालकाकडे तेच काम किंवा समान स्वरूपाचे काम करणाऱ्यांमध्ये वेतनाच्या बाबतीत लिंगावरून भेद करता येणार नाही, असे तिचे तिसरे कलम सांगते. ‘समान स्वरूपाचे काम’ म्हणजे ज्यासाठी लागणारे कौशल्य, कष्ट, अनुभव आणि जबाबदारी सारखी आहे आणि जो काही फरक आहे तो प्रत्यक्षात महत्त्वाचा नाही, असे काम. ही संहिता फक्त यंत्रावरच्या कामगारांसाठी नाही. पर्यवेक्षक, तांत्रिक आणि कार्यालयीन कर्मचारीही तिच्यात येतात, त्यामुळे ‘तुम्ही स्टाफमध्ये आहात, तुम्हाला हे लागू नाही’ असे कोणी सांगितले तर ते मान्य करू नका.

मुंबईतील एका जहाज कंपनीतल्या स्टेनोग्राफर ऑड्री डिकॉस्टा यांचा खटला तुम्हाला माहीत असावा असे वाटते. वरिष्ठांच्या हाताखाली काम करणाऱ्या महिला स्टेनोग्राफरांना त्या कंपनीत पुरुष स्टेनोग्राफरांपेक्षा कमी वेतन होते. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल देताना असे म्हटले, की दोन कामांची तुलना बारीकसारीक फरकांवर अडून न राहता व्यापक दृष्टीने करावी, आणि कंपनीची आर्थिक क्षमता नाही हे कमी वेतनाचे समर्थन होऊ शकत नाही. तुमच्याकडे ‘सध्या ऑर्डर कमी आहेत’ हे उत्तर येण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून हा दुसरा भाग विशेष लक्षात ठेवा.

रात्रपाळीच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे आणि ते तुम्ही स्वतःहून मान्य करावे. जो रात्री भट्टीजवळ थांबतो त्याला त्या रात्रींचा भत्ता मिळालाच पाहिजे. पण मग तो भत्ता म्हणून पगारपत्रकावर वेगळा दिसायला हवा. मूळ वेतनच नऊ हजारांनी जास्त असेल, तर ज्या महिन्यात तो एकही रात्रपाळी करत नाही त्या महिन्यातही त्याला ते मिळते, आणि तेथे हा युक्तिवाद संपतो. शिवाय तुम्हाला रात्रपाळी कधी विचारली होती का, हाही प्रश्न आहेच. विचारलेच नसेल तर नकाराचे खापर तुमच्यावर फोडता येणार नाही. बाळंतपणाच्या रजेबद्दल मात्र काहीही मान्य करू नका. ती रजा कायद्याने दिलेली आहे, पहिल्या दोन अपत्यांसाठी ती २६ आठवड्यांची असते, आणि त्या रजेच्या काळात स्त्रीच्या नोकरीच्या अटी तिच्या तोट्याच्या होतील अशा प्रकारे बदलता येत नाहीत. त्या वर्षीची तुमची वेतनवाढ थांबवली गेली होती का, हे जुनी पगारपत्रके काढून पाहा. पुष्कळदा असा फरक एकदम पडत नाही. एका वर्षीची वाढ चुकते, पुढच्या प्रत्येक वाढीची टक्केवारी त्या कमी आकड्यावर धरली जाते आणि काही वर्षांत दरी वाढत जाते.

आता सर्वांत अवघड गोष्टीकडे येते, ती म्हणजे ‘तुम्ही घरच्याच’ हे वाक्य. कोल्हापुरात हे वाक्य बहुतेक वेळा खऱ्या आपुलकीने उच्चारले जाते, आणि त्यामुळेच त्याच्यासमोर शब्द सुचत नाहीत. वडिलांच्या ओळखीने मिळालेली नोकरी, दिवाळीला घरी येणारा मिठाईचा पुडा, मुलाच्या बारशाला आलेले मालक, हे सगळे आठवते आणि पैशाचा विषय काढणे कृतघ्नपणाचे वाटू लागते. परंतु ओळखीने तुम्हाला त्या दारापर्यंत नेले. अकरा वर्षे ऑडिट पार पाडले ते तुमच्या कामाने. ओळखीची परतफेड पगारातून दरमहा करायची असते, असे तुमच्या वडिलांनी कधीही कबूल केलेले नसणार. मालकांना लिहिण्याआधी वडिलांना भेटून हे सगळे सांगा, म्हणजे त्यांना ते बाहेरून कळणार नाही. त्यांनी मध्ये पडून शब्द टाकावा असे मात्र सुचवू नका. तसे झाले तर वाढ मिळेलही, पण ती पुन्हा ओळखीवरच मिळेल.

माझा सल्ला असा आहे, की तोंडी बोलणे झाले, आता लेखी विनंती करावी. पत्र एका पानाचे असावे आणि त्यात सहकाऱ्याचे नाव किंवा त्याचा आकडा लिहू नये. तुम्ही कोणती कामे करता, गेल्या तीन वर्षांत कोणती ऑडिट तुमच्या जबाबदारीवर पार पडली, नाकारलेल्या मालाचे प्रमाण कमी करण्यात तुमचा वाटा काय, कोणाकोणाला प्रशिक्षण दिले, हे तारखांसह मांडा. त्यानंतर एवढेच लिहा, की विभागातील समान स्वरूपाच्या कामासाठी दिल्या जाणाऱ्या वेतनाशी माझे वेतन ताडून पाहावे, फरक असल्यास त्याचे कारण लेखी कळवावे आणि तो दूर करावा. कायद्याचे नाव या पहिल्या पत्रात घालायचे की नाही याबद्दल दुमत असू शकते. मी घालणार नाही, कारण मालकांना सन्मानाने दुरुस्ती करण्याची संधी एकदा द्यावी असे मला वाटते. एप्रिलच्या वेतनवाढीची यादी तयार होण्यापूर्वी हे पत्र पोहोचले पाहिजे, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. तुलना करताना हातात येणारी रक्कम न धरता कपातीपूर्वीचे एकूण वेतन धरा, कारण कर्जाचे हप्ते आणि व्यवसाय करासारख्या कपाती प्रत्येकाच्या वेगळ्या असतात.

सहकाऱ्याबद्दल तुमच्या मनात थोडा राग आणि थोडा संकोच असणे साहजिक आहे. त्याने काहीही हिसकावलेले नाही. तुमचे वेतन वाढवण्यासाठी त्याचे वेतन कमी करण्याची मुभाही कायदा मालकाला देत नाही, त्यामुळे तुमच्या मागणीने त्याचे नुकसान होईल ही भीती सोडून द्या. त्याला तुम्ही हे आधीच सांगितले, तर तो तुमच्या विरोधात उभा राहण्याची शक्यता कमी होईल. निदान त्याला दुसऱ्याच्या तोंडून काही वेडेवाकडे ऐकावे लागणार नाही.

पतींची काळजी मी हलकी मानत नाही. हप्ता दर महिन्याला भरावा लागतो आणि एमआयडीसीतले मालक एकमेकांना ओळखतात, ही दोन्ही सत्ये आहेत. म्हणून त्यांच्यासमोर तत्त्वाची चर्चा करण्यापेक्षा आकडे मांडा. नऊ हजार म्हणजे वर्षाला १,०८,००० रुपये. शिवाय मूळ वेतन कमी असल्याने ग्रॅच्युइटीही कमी होते, कारण ती शेवटच्या वेतनावर मोजली जाते. नोकरी जाण्याचा धोका किती, याचाही विचार दोघांनी मिळून करा. स्पेक्ट्रोमीटर, कास्टिंगमधले दोष आणि ग्राहकांचे ऑडिट एकहाती सांभाळणारी व्यक्ती शिरोली आणि कागलच्या कारखान्यांनाही हवी असते. पत्र देण्यापूर्वी दोन-तीन ठिकाणी शांतपणे चौकशी करून तुमच्या अनुभवाला काय वेतन मिळते ते समजून घ्या. नोकरी बदलायची नसली तरी हा आकडा माहीत असलेली व्यक्ती मालकासमोर वेगळ्या प्रकारे बसते.

महिन्याभरात उत्तर आले नाही, तर स्मरणपत्र द्या आणि त्यात वेतन संहितेच्या तिसऱ्या कलमाचा उल्लेख करा. त्यानंतरही काही झाले नाही, तर कामगार विभागाच्या कोल्हापुरातील कार्यालयात तक्रार करता येते. वेतनाच्या दाव्यासाठी संहितेने तीन वर्षांची मुदत ठेवली आहे, तेव्हा फार काळ वाट पाहू नका. वकिलाच्या फीची चिंता असेल, तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तेथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्या जणींना ठाऊक आहे.

शेवटी कोअर शॉपमधल्या मावश्यांबद्दल. त्या बोलत नाहीत म्हणून तुम्ही गप्प बसावे, हा तुमचा विचार मला उलटा वाटतो. तुमच्याकडे डिप्लोमा आहे, लेखी भाषा आहे, पगारपत्रक आहे. त्यांच्यापैकी किती जणींना पगारपत्रक मिळते? ते देणे मालकावर बंधनकारक आहे आणि महाराष्ट्रातील किमान वेतनाचे दर कुशल, अर्धकुशल, अकुशल असे ठरतात, बाई आणि गडी असे नव्हे. वाळूचे कोअर तयार करणे, ते न मोडता भाजून काढणे आणि साच्यात बसण्याजोगे घासणे याला ‘हलके काम’ म्हणतात, पण त्यातला एक कोअर चुकला तर अख्खे कास्टिंग भंगारात जाते, आणि तो अहवाल तुम्हीच लिहिता. त्या कामाला किती कौशल्य लागते याचा लेखी पुरावा कारखान्यात कोणाकडे असेल, तर तो तुमच्या विभागाकडे आहे. त्यांच्या वतीने परस्पर काही मागू नका. नोकरी त्यांची आहे आणि धोकाही त्यांचा. मात्र जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यात बसून पगारपत्रक मिळते का, त्यावर कोणती श्रेणी लिहिली आहे आणि पुरुष हेल्परच्या पत्रकावर कोणती, एवढे विचारा. त्यांच्यातली एखादी पुढे यायला तयार झाली, तर तिच्यासोबत विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयापर्यंत जा आणि तिचा अर्ज लिहून द्या.