थायरॉईडच्या त्रासात डोक्यात धुके भरल्यासारखे होते, सतत विसरायला होते. यातून मार्ग कसा काढावा?

आपण लिहिले आहे की थायरॉईड मंदावल्याचे निदान होऊन गोळी सुरू झाल्याला तीन आठवडे झाले, तरीही बोलता बोलता साधे शब्द अडतात, कामाच्या ठिकाणी एकच गोष्ट दोनदा विचारली जाते, आणि ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात तर नसेल ना या धास्तीने रात्री झोप लागत नाही. मी डॉक्टर नाही. मी शाळेत गणित शिकवते आणि गेली नऊ वर्षे हीच गोळी घेते. ही धास्ती मी स्वतः अनुभवली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या बाबतीत ही गोष्ट फळ्यासमोर उघड झाली. वर्गसमीकरणाचे अवयव पाडत होते. वीस वर्षे जे हात आपोआप लिहीत आला तेच. मधले पद फोडून झाले आणि पुढची ओळ सुचेचना. खडू फळ्याला टेकलेला, पाठीमागे सगळा वर्ग गप्प, आणि मी समोरच्या आकड्यांकडे पाहत उभी होते, जणू ते दुसऱ्या कोणी लिहून ठेवले होते. त्याच आठवड्यात पहिल्या बाकावरच्या मुलीचे नाव आठवेना, जिला मी तीन वर्षे शिकवत होते. अंगात सतत भरून राहिलेली थंडी, केस गळणे, सकाळी उठतानाच आलेला थकवा, हे सगळे मी तोवर वयाच्या खात्यावर टाकले होते. तपासणीत टीएसएच, म्हणजे थायरॉईड मंदावला की रक्तात वाढणारे मेंदूतल्या ग्रंथीचे संप्रेरक, ४१ निघाले. सामान्य मर्यादा साधारण ०.४ ते ४ अशी असते.

त्या मुलीचे नाव मला तासाभराने हात धुताना आपसूक आठवले. डॉक्टरांना हे सांगितले तेव्हा त्यांनी नेमके यावरच बोट ठेवले. नाव पुसले गेले नव्हते. ते वर यायला वेळ लागत होता. थायरॉईड ग्रंथी मुख्यतः टी-४ हे संप्रेरक तयार करते आणि मेंदू त्यातील बराचसा भाग स्वतःच टी-३ मध्ये बदलून वापरतो. हा पुरवठा घटला की विचारांचा वेग मंदावतो आणि लक्ष टिकत नाही. किल्ली कुठे ठेवली हे आठवत नाही याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते की ठेवताना तिकडे लक्षच नव्हते; जे मनात नोंदलेच गेले नाही ते शोधून सापडणार कसे? हे कळल्यावर माझी निम्मी भीती ओसरली, कारण स्मरणशक्ती परत मिळवण्याची धडपड सोडून मला फक्त लक्षाची काळजी घ्यायची होती.

विचारांतील हा मंदपणा वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. लंडनच्या क्लिनिकल सोसायटीच्या १८८८ च्या अहवालात त्याची नोंद आहे. १८९१ मध्ये जॉर्ज मरे या डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून थायरॉईड मंदावलेल्या एका स्त्रीवर उपचार सुरू केले आणि ती पुढे २८ वर्षे जगली. आपल्याला मिळालेली गोळी त्याच उपचाराचे सुधारलेले रूप आहे.

आता तीन आठवड्यांविषयी. आपल्या गोळीतले औषध, लेव्होथायरॉक्सिन, शरीरात निम्मे व्हायला सुमारे ७ दिवस लागतात, त्यामुळे रोज ठरलेला डोस घेऊनही रक्तातील पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे जातात; म्हणूनच पुढची तपासणी ६ ते ८ आठवड्यांनी करायला सांगतात. आपण अजून निम्म्या वाटेवर आहात. शिवाय अहवाल आधी सुधारतो आणि डोके मागाहून. माझे टीएसएच तीन महिन्यांत मर्यादेत आले, पण पूर्वीसारख्या सलगतेने तास घेता यायला पाच महिने लागले. या काळात घाई होऊन डोस आपल्या मनाने वाढवू नका, ही कळकळीची विनंती. संप्रेरक जास्त झाले की छातीत धडधड सुरू होते, झोप उडते, आणि लक्ष पुन्हा विस्कळीत होतेच.

गोळी घेण्याची पद्धत मात्र आजच तपासून पाहा. ती उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, खाण्याच्या किंवा चहा-कॉफीच्या ३० ते ६० मिनिटे आधी घ्यायची असते. कॅल्शियम, लोह आणि आम्लपित्तावरची काही औषधे तिचे शोषण अडवतात, म्हणून त्यांत आणि तिच्यात ४ तासांचे अंतर हवे. मी लोहाची गोळी बरेच दिवस हिच्याबरोबरच घेत होते आणि डोस लागू का पडत नाही हे कोणालाच कळत नव्हते. दुसरी अडचण अशी की ज्या आजारात विसरायला होते त्याचे औषधच विसरले जाते, किंवा घेतले की नाही हे आठवेना झाल्यावर दुसऱ्यांदा घेतले जाते. सात वारांचे सात कप्पे असलेली डबी घ्या. आजचा कप्पा रिकामा दिसला की शंका उरत नाही. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर डॉक्टरांना जरूर सांगा. त्याने थायरॉईडच्या रक्ततपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात, आणि तपासणीपूर्वी ते किमान दोन दिवस बंद ठेवायला सांगतात.

रोजच्या व्यवहारात मला सर्वांत उपयोगी पडली ती एक वही. एकच, कारण चिठ्ठ्या, मोबाईल आणि कॅलेंडर यांत विखुरलेल्या नोंदी शोधण्यातच उरलेली शक्ती संपते. गोष्ट ठरली की त्याच क्षणी, समोरच्या माणसाला थांबवून, लिहायची. दाराला कुलूप लावताना मी ‘कुलूप लावले’ असे मोठ्याने म्हणत असे. आवाज कानावर पडला की कृतीकडे लक्ष जाते आणि मग ती आठवतेही. माझे डोके सकाळी दहाच्या सुमारास त्यातल्या त्यात स्वच्छ असे, म्हणून उत्तरपत्रिका मी त्याच वेळेत तपासत असे आणि तेव्हा दुसरे काही हाती घेत नसे. तासाला जाताना उदाहरणांच्या पायऱ्या एका कार्डावर लिहून नेऊ लागले. शेवटी वर्गालाही सांगितले की मला एक आजार आहे, त्याने कधी कधी शब्द अडतो, अडला तर थोडे थांबा. मुले थांबली. लपवण्यात केवढी शक्ती खर्च होत होती, हे मला त्या दिवशी उमगले. आपल्या कार्यालयातही निदान एका विश्वासाच्या माणसाला हे सांगावे, असे मला मनापासून वाटते.

एका बाबतीत मी चुकले, ती चूक आपण टाळावी. टीएसएच मर्यादेत आल्यावरही थोडे धुके उरले होते आणि मी त्याचाही दोष थायरॉईडलाच देत राहिले. वर्षभराने तपासले तेव्हा बी-१२ बरेच कमी निघाले. थायरॉईड मंदावण्यामागे पुष्कळदा हाशिमोटो हा विकार असतो, ज्यात शरीराची प्रतिकारयंत्रणाच ग्रंथीवर उलटते, आणि अशा माणसांत बी-१२ नीट शोषले न जाण्याचा त्रासही अधिक आढळतो. लोहाची कमतरता, घोरताना श्वास अडकून मोडणारी झोप, नैराश्य, रजोनिवृत्तीचा काळ, ॲलर्जीवरच्या किंवा झोपेच्या काही गोळ्या, यांनीही डोके असेच जड होते. मात्र बोलणे अचानक बोबडे होणे, चेहऱ्याची एक बाजू ओघळणे किंवा अचानक संभ्रम होणे हे या धुक्यात मोडत नाही; तेव्हा क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. परिचित रस्ता वारंवार चुकणे किंवा पैशांचे व्यवहार न जमणे असे घडू लागले, तर स्मृतीची स्वतंत्र तपासणी मागून घ्यावी.

आपल्या पुढच्या तपासणीला अजून तीन ते पाच आठवडे आहेत. तोवर वहीच्या शेवटच्या पानावर रोज रात्री दोनच ओळी लिहा: आज काय अडले, आणि काल किती तास झोप झाली. डॉक्टरांसमोर बसल्यावर नेमके तेच आठवत नाही, हा माझा अनुभव आहे. मी ते पानच त्यांच्यापुढे ठेवत असे. त्याच पानावर वरच्या बाजूला बी-१२ आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) हे दोन शब्द आजच लिहून ठेवा, म्हणजे ते विचारायचे राहणार नाही.