पाणी साचलेल्या भेंडीला एन्झाइमची बाटली नको, चर मारा

गोव्यात डिचोली, सत्तरी, पेडणे, सगळीकडनं सध्या एकच विचारणा येतेय. मोरडावरची, म्हणजे उंचवट्याच्या जमिनीवरची, भेंडी आणि तवशाचे (काकडीचे) वेल, जमीन ओलीचिंब असून दुपारी माना टाकतात, पानं पिवळी पडतात, आणि दुकानदार सांगतो एन्झाइम कमी पडलंय, ही बाटली फवारा आणि बुंध्यात मूठभर युरिया टाका. दोन्ही करू नका.

आधी एक झाड उपटून मूळ बघा. पांढरं, कडक असेल तर झाड वाचतं. तपकिरी झालंय, चिमटीत धरून ओढलं की साल सरकून हातात येते आणि आत नुसता दोरा उरतो, घाण वास येतो, तर ते कुजलं. शेताबाहेर टाका, त्यावर औषधाचा खर्च नको.

मुळाला हवा लागते हो. हवा असली की पेशी एका ग्लुकोजपासून साधारण 30 एटीपी, म्हणजे पेशीला शक्ती पुरवणारे रेणू, काढते, पाणी साचून ऑक्सिजन संपला की आंबवून फक्त 2, वर अल्कोहोल तयार होतं ते वेगळंच. एवढ्या शक्तीवर मूळ ना खत उचलतं ना धड पाणी, म्हणून पाण्यात उभं राहून झाड सुकतं. भाताच्या मुळात हवेच्या पोकळ्या असतात, भाताचा हिशोब भेंडीला लावू नका.

आता बाटली. एन्झाइम म्हणजे पेशीतली कामं घडवून आणणारा प्रथिनाचा मोठा रेणू, पानावर मारला म्हणून पेशीत शिरून कामाला लागत नाही, झाड आपले एन्झाइम आपणच बनवतं. आणि ऑक्सिजनच नाही तिथे असलेले एन्झाइम तरी काय करणार? 2021 पासून बायोस्टिम्युलंट, म्हणजे झाडाची वाढ चेतवायला म्हणून विकली जाणारी असली औषधं, खत नियंत्रण आदेशाखाली आलेत, लेबलावर घटक लिहिलेले नसतील तर घेऊ नका, आणि पक्कं बिल मागाच.

युरिया साचलेल्या पाण्यात अजिबात नाही. बराचसा वाहून जातो, काही हवेत उडतो, आणि जो मिळेल तो पचवायला झाडाकडे शक्तीच नसते. मूठभर तर नाहीच नाही!

चर मारा, आजच. ओळींच्या मधून वीतभर खोल, उताराकडे तोंड काढून. पुढच्या वर्षी लावणीच उंच वाफ्यावर करा, हे मी दर पावसाळ्यात सांगतो आणि दर पावसाळ्यात लोक सपाट जमिनीत बी टोकतात. पाणी उतरून नवी पालवी दिसली की मगच, पाऊस उघडलेला बघून, 1 टक्का युरिया फवारा, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 150 ग्रॅम. दुकानदार दुप्पट सांगेल, तेवढा मारला तर पानांच्या कडा करपू शकतात.

सबसिडीसाठी कृषी कार्ड (शेतकऱ्याचं नोंदणी कार्ड) घेऊन विभागीय कृषी कार्यालयात विचारा, माती तपासणीही तिथेच विचारा.

एकानं गाईचं विचारलंय, चवथीचा उरलेला भात टोपभर घातला, आता ती रवंथ करत नाही. तो भात पोटात झपाट्यानं आंबून लॅक्टिक अ‍ॅसिड होतं. पाचक पावडर, तेल, सोडा काही घशात ओतू नका, फुप्फुसात जाईल, सरळ व्हेटर्नरी डॉक्टरला फोन करा, तोवर फक्त सुकं गवत पुढ्यात ठेवा, पाणी किती द्यायचं ते डॉक्टरलाच विचारा.