डिपेंडंट व्हिसावर इंग्लंडला निघालेल्या मुलीला

तू लिहिलंस की डिसेंबरात लग्न आहे, होणारा नवरा बर्मिंगहॅमला स्किल्ड वर्कर व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे आणि तू त्याची डिपेंडंट, म्हणजे त्याच्या व्हिसाच्या आधाराने जाणारी बायको म्हणून जाणार आहेस. मैत्रिणीच्या बहिणीला तिकडे मारहाण झाली हे ऐकल्यापासून तुला घोर लागलाय, आणि आई म्हणते की लग्नाआधी असलं अभद्र बोलू नये. ‘ताई, तसं काही झालंच तर तिथे आपलं कोण?’ हा तुझा प्रश्न.

मी इंग्लंडमध्ये बरीच वर्षं आहे. अशा घरांतून बाहेर पडलेल्या बायकांसाठी मराठी-हिंदी दुभाषी म्हणून काम करते. तू विचारलंस ते फार बरं केलंस. मदत आहे, पण ती तुझ्यापर्यंत पोचायला काही गोष्टी निघण्याआधीच तुझ्या हातात असायला हव्यात.

पहिली म्हणजे ई-व्हिसा. पूर्वी इथे हातात कार्ड मिळायचं. आता व्हिसा म्हणजे ऑनलाइन खातं. नोकरी लागताना, घर भाड्याने घेताना त्यातून शेअर कोड, म्हणजे समोरच्याला आपला व्हिसा ऑनलाइन तपासता यावा म्हणून मिळणारा कोड, काढून द्यावा लागतो. अर्ज बहुतेक वेळा नवराच भरतो, मग खात्याला ईमेल त्याचा आणि फोनही त्याचाच. पुढे बिनसलं की आपण इथे कायदेशीर राहतोय हे दाखवणंसुद्धा बाईला अवघड होऊन बसतं. तुझ्या अर्जात तुझाच ईमेल दे आणि पासवर्ड स्वतःजवळ ठेव. समजूतदार मुलाला याचं वाईट वाटणार नाही. वाटलंच, तर ते लग्नाआधी कळलेलं बरं. विवाह नोंदणीचा दाखला, पासपोर्ट आणि शिक्षणाच्या प्रमाणपत्रांचे स्कॅन भावाबहिणीकडे ठेव. तुझ्या व्हिसावर तुला नोकरी करता येते, तेव्हा पगारासाठी स्वतःच्या नावाचं बँक खाते उघड.

आता कायदा. फक्त मारहाण झाली तरच गुन्हा, असं इथे नाही. पैसे अडवणं, फोन तपासणं, माहेरी बोलू न देणं, कुठे जायचं ते ठरवणं, असा सततचा जाच २०१५ च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये गुन्हा आहे आणि त्याला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे सासूसासऱ्यांनाही लागू होऊ शकतं. आपल्याकडच्या कितीतरी मुली ‘हात तर उचलत नाही’ म्हणून वर्षानुवर्षं गप्प बसतात.

जिवावर बेतलं तर ९९९ हा आणीबाणीचा नंबर लाव. बोलता येत नसेल तर मोबाइलवरून ९९९ लावून, सांगितल्यावर ५५ दाब, कॉल पोलिसांकडे जातो. पण त्यावरून तू नेमकी कुठे आहेस ते त्यांना आपोआप कळेलच असं नाही, म्हणून शक्य झालं तर कुजबुजून का होईना, पत्ता सांग. एरवी ०८०८ २००० २४७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. ‘रेफ्यूज’ ही संस्था ती चालवते. फोन फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि दुभाषी मागता येतो.

आश्रयाच्या घरालाही इथे रेफ्यूजच म्हणतात. त्याचा पत्ता गुप्त असतो आणि शक्यतो दुसऱ्या गावात जागा देतात. तुला आणि मुलांना एक खोली मिळते, स्वयंपाकघर बहुधा सामाईक असतं. वकील, डॉक्टर, शाळा यांसाठी मदतीला एक कार्यकर्ती असते.

खरी अडचण इथेच येते. डिपेंडंट व्हिसावर सरकारी पैशांची मदत मिळत नाही, आणि रेफ्यूजचं भाडं बऱ्याचदा सरकारी घरभत्त्यातूनच भागतं. त्यामुळे अशा बाईला जागा नाकारली जाते. १९७९ पासून काम करणाऱ्या ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’सारख्या संस्था यासाठी वर्षानुवर्षं भांडल्या. २०२४ पासून कामगार आणि विद्यार्थ्यांच्या जोडीदारांनाही ३ महिन्यांची खास परवानगी मागता येते. तेवढ्या काळात सरकारी मदत मिळते, रेफ्यूजचं भाडं निघतं.

पण हा अर्ज घाईने करू नकोस. ती परवानगी मिळाली की तुझा आधीचा व्हिसा संपतो. नवरा ब्रिटिश नागरिक किंवा इथे कायमचा स्थायिक असेल तर पीडित पत्नीला पुढे कायम राहण्याचा अर्ज करता येतो. स्किल्ड वर्करच्या बायकोला ती वाट नाही. म्हणजे ३ महिन्यांनंतर काय, हे आधी ठरायला हवं. त्यासाठी इमिग्रेशनच्या अधिकृत सल्लागाराशी बोलूनच सही कर. हा फरक मला अन्यायाचा वाटतो, पण आज नियम तसा आहे.

‘तुझा व्हिसा रद्द करतो’ ही धमकी हमखास मिळते. तो अधिकार नवऱ्याला नाही, होम ऑफिसला, म्हणजे इथल्या गृहखात्याला आहे. नातं संपल्याचं तो कळवू शकतो, मग होम ऑफिस तुझ्या व्हिसाची मुदत कमी करू शकतं. म्हणजे त्या रात्री कोणी तुला विमानात बसवत नाही, सल्ला घ्यायला वेळ मिळतो.

मूल झालं तर एक लक्षात ठेव. वडिलांची किंवा कोर्टाची संमती नसताना मुलाला घेऊन भारतात निघून येणं इथे गुन्हा ठरू शकतं. आधी वकील गाठायचा. उलट, सुट्टीला म्हणून भारतात आणून, पासपोर्ट काढून घेऊन बायकोला तिथेच सोडून देणारेही आहेत. तसं झालं तर राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीयांसाठी वेगळा कक्ष आहे, तिथे तक्रार करता येते.

शेवटचं माझ्या कामातलं. जीपी म्हणजे इथला नेहमीचा डॉक्टर, त्याच्याकडे एकटी जा आणि दुभाषी हवी, बाईच हवी असं सांग. नवऱ्याला किंवा दिराला भाषांतर करू देऊ नकोस. मी अशा खोल्यांत बसले आहे जिथे आधीच्या भेटीत नवऱ्यानेच बायकोचं दुखणं सांगितलं होतं, आणि कागदावर ‘जिन्यावरून पडली’ एवढंच होतं. डॉक्टरकडची नोंद पुढे कोर्टात पुरावा म्हणून चालते, तेव्हा ती तुझ्या शब्दांत व्हायला हवी. व्हिसाचा अर्ज भरायला बसलात की अडेल ते विचार, मी उत्तर देईन.