हलकी रायफल घ्यायचीय, पण काडतूस कोणतं परवडेल?

प्रश्न (पत्र थोडक्यात) : माझ्याकडे .३०८ विंचेस्टरची जुनी रायफल आहे, स्कोपसकट ४ किलोची. डोंगरातल्या शिकारीसाठी स्कोपसकट ३ किलोत बसेल अशी दुसरी घ्यायची आहे, आणि काडतूस शॉर्ट-अ‍ॅक्शन मॅग्नमच (आखूड पण जोरकस) हवं. .३०० डब्ल्यूएसएम (विंचेस्टर शॉर्ट मॅग्नम), ६.५ पीआरसी (प्रिसिजन रायफल कार्ट्रिज) आणि ७ एमएम सॉम (शॉर्ट अॅक्शन अल्ट्रा मॅग्नम) अशा तीन रायफली पाहून ठेवल्यात. सॉमवर तीस टक्के सवलत आहे. वर्षाला शंभरेक गोळ्या झाडतो. मॅग्नमचं काडतूस .३०८ च्या दुप्पट भावाचं आहे, आणि मॅग्नमच्या चारशे काडतुसांना जेवढे पैसे पडतात तेवढी रायफलीची किंमत. छंदासाठी बाजूला ठेवलेली रक्कम रायफलीच्या किमतीच्या सव्वापट आहे. हप्त्यानेही मिळतेय. काय करावं?

उत्तर : परवाना तुमच्या नावावर आहे, तुम्ही राहता तिथे शिकार कायदेशीर आहे, घरच्या सहा महिन्यांच्या खर्चाची तरतूद वेगळी ठेवली आहे, हे सगळं पत्रात आधीच लिहिलंत ते बरं केलंत. त्यामुळे रायफल घ्यावी की नाही यावर मी बोलत नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात. काडतुसाला मात्र असतं, आणि तुमच्या पत्रात तोच आकडा मांडायचा राहिलाय.

तुमच्याच भावाने मांडू. वर्षाला शंभर म्हणजे दहा वर्षांत हजार गोळ्या. चारशे काडतुसांत एक रायफल, तर हजारांत अडीच रायफली. म्हणजे आज एक रायफल घेताना तुम्ही साडेतीन रायफलींचा खर्च अंगावर घेताय, आणि पैकी अडीच पुढे दहा वर्षं सुट्यासुट्याने खिशातून जाणार आहेत. तेवढ्याच गोळ्या .३०८ च्या झाडल्यात तर सव्वा रायफलीत भागतं. दुकानात तुम्ही घासाघीस करताय ती पहिल्या एका रायफलीवर.

आता सवलतीकडे. तीस टक्के म्हणजे १२० काडतुसांचे पैसे वाचले. वर्ष-सव्वा वर्षाची बेगमी. पण ही सवलत कोणी दिलदारपणे देत नाहीये. .३०० डब्ल्यूएसएम विंचेस्टरने २००१ मध्ये आणलं, त्याच सुमारास रेमिंग्टनने आपली सॉम जोडी काढली, एक ७ मिलिमीटरची आणि एक .३०० ची. सॉम किंचित आखूड, कारण ते रेमिंग्टनच्याच मॉडेल सेव्हनसारख्या छोट्या रायफलीत बसवायचं होतं. कल्पना चांगली होती. पण दुकानाच्या फळीवर दोन सारखी काडतुसं शेजारी शेजारी आली आणि गिऱ्हाइकाने एक उचललं. सॉम आज जगलंय ते मुख्यतः झाडलेल्या रिकाम्या पुंगळ्या घरी पुन्हा भरून वापरणाऱ्यांच्या जिवावर. तुम्ही भरत नाही. म्हणजे दिसेल तिथे, मिळेल त्या भावाने खोका उचलायचा आणि कपाटात पैसे अडकवून ठेवायचे. शिवाय उद्या विकायला काढलीत की समोरचाही हीच तीस टक्के मागेल, बहुधा थोडे जास्तच.

मी स्वतः एकदा असाच कॅमेरा घेतला होता, जवळजवळ अर्ध्या किमतीत. दोन वर्षांत त्या माउंटच्या लेन्स यायच्या बंद झाल्या. कॅमेरा अजून ठणठणीत आहे, टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवतो.

सॉम बाद. उरली दोन.

इथे पैशाआधी खांद्याचा हिशेब करावा लागेल, कारण तोच पुढे पैशात येतो. .३०० डब्ल्यूएसएममधून १८० ग्रेनची (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) गोळी सेकंदाला २,९७० फुटांच्या आसपास निघते, .३०८ मधून तेवढ्याच वजनाची सुमारे २,६२० फुटांनी. त्यासाठी .३०८ मध्ये साधारण ४५ ग्रेन दारू लागते, इथे ६५ च्या घरात. वजन सारखं असलेल्या दोन रायफलींत डब्ल्यूएसएमचा धक्का .३०८ च्या साधारण दीडपट बसतो. त्यात तुम्ही रायफल ४ किलोवरून ३ वर आणताय. काडतूस तेच ठेवून वजन पाऊण केलं तर धक्क्याची ऊर्जा एकतृतीयांशाने वाढते. दोन्ही गुणा : दीड गुणिले एक पूर्णांक एकतृतीयांश, म्हणजे दोन. आज जेवढा धक्का खाताय त्याच्या जवळपास दुप्पट.

माझा एक अशील नेमबाजीच्या मैदानावर मला सोबत घेऊन गेला होता. त्याची नवी हलकी मॅग्नम. पहिल्या तीन गोळ्या कागदावर तळहाताखाली झाकतील अशा पडल्या. चौथ्याला तो दस्ता खांद्यावर पुन्हा पुन्हा सरकवत बसला. पाचव्याला मित्राने त्याच्या नकळत रिकामी पुंगळी आत सरकवली. चाप ओढला, आवाज आला फक्त ‘टक्’, आणि नळीचं तोंड तरीही खाली झुकलं. धक्का बसायच्या आधीच अंग आकसत होतं. त्या दिवशी वीसचा खोका त्याने अर्धाच संपवला आणि पुढचे तीन महिने मैदानाकडे फिरकला नाही. काडतुसाचा खर्च वाचला म्हणावं तर रायफल पडून राहिली. वापरात नसलेली वस्तू माझ्या लेखी सगळ्यात महाग.

मझल ब्रेक, म्हणजे नळीच्या तोंडावर बसवायचा वायू बाजूला फेकणारा तुकडा, लावून धक्का कमी होतो, खरं आहे. पण आवाज असा वाढतो की कानाला संरक्षण नसताना एकही गोळी झाडू नये. सावज समोर असताना कानात बोळे आहेत की नाहीत हे सगळ्यांना आठवतंच असं नाही.

६.५ पीआरसी हॉर्नाडीने २०१८ मध्ये आणलं. १४३ ग्रेनची गोळी, वेग सेकंदाला २,९६० फूट. त्याच वजनाच्या रायफलीत याचा धक्का १८० ग्रेनच्या .३०८ च्या आसपासच राहतो. तुमच्या ३ किलोच्या रायफलीत आजच्या सव्वापटीहून थोडा जास्त, दीडपटीच्या आत. तेवढा माणूस सोसतो. मोठ्या, जाड हाडाच्या जनावरासाठी डब्ल्यूएसएमची वजनदार गोळी सरस, यात वाद नाही. तुमचं सावज बहुतेक वेळा हरिण आहे आणि अंतर तीनशे यार्डांच्या आत, असं तुम्हीच लिहिलंय. दोनशे यार्डांवर नेम बसवलात तर तीनशेवर .३०८ आणि .३०० डब्ल्यूएसएम यांच्या गोळीच्या उतारात दोन-तीन इंचांचा फरक पडतो. एवढ्यासाठी दुप्पट धक्का विकत घेऊ नका.

आणि हे जे वेग मी लिहिले ते साधारण २४ इंची नळीचे. हलक्या रायफलीची नळी बहुधा २२ किंवा २० इंचांची असते, आणि दर इंचामागे वीस-तीस फूट वेग गळतो. खोक्यावर छापलेल्या आकड्याचे पैसे द्यायचे आणि थोडा कमी आकडा घरी आणायचा, असा हा व्यवहार आहे.

‘शॉर्ट-अ‍ॅक्शन’ या शब्दाचंही फार कौतुक नको. .३०० विन मॅग या नेहमीच्या लांब मॅग्नमचं काडतूस सुमारे ८५ मिलिमीटर लांब, डब्ल्यूएसएम ७३ च्या आत. त्या बारा मिलिमीटरमुळे बोल्टचा (काडतूस नळीत ढकलणाऱ्या दांड्याचा) पल्ला आखडतो आणि रायफल शंभर ग्रॅमच्या आसपास हलकी होते. डोंगर चढण्याआधी चार घोट पाणी प्यायलात तर पाठीवरचं तेवढंच वजन उतरतं. उलट काडतूस जाडजूड असल्याने मॅगझिनमध्ये बहुतेकदा तीनच मावतात. ६.५ पीआरसी तर ७५ मिलिमीटर, .३०८ पेक्षा साडेतीनने लांब. तेव्हा दुकानात एक भरलेलं काडतूस मॅगझिनमध्ये घालून बघा, पुढे मोकळी जागा राहते का ते. सगळ्या शॉर्ट अ‍ॅक्शन आतून सारख्या नसतात.

नळी झिजेल ही काळजी तुम्ही केलीय, ती सोडा. मॅग्नमची नळी .३०८ पेक्षा लवकर झिजते, तरी हजार-दीड हजार गोळ्या सहज जातात. मी सांगतोय तसं वागलात तर ती झिजायला पंचवीस वर्षं लागतील.

तर असं वागा. ६.५ पीआरसी घ्या, जुनी .३०८ विकू नका. तिला आज येईल ती किंमत किरकोळ आहे, आणि सराव तिच्यावरच करायचा आहे. वर्षाच्या शंभर गोळ्यांपैकी साठ .३०८ च्या, चाळीस नव्या रायफलीच्या. चापावरचं बोट, श्वास, बसून-वाकून नेम धरणं हे सगळं जुन्या रायफलीवरही तितकंच पक्कं होतं. खर्च वर्षाला शंभरऐवजी सत्तर मॅग्नम काडतुसांएवढा. दहा वर्षांत अडीचऐवजी पावणेदोन रायफली.

हप्त्याचं नाव काढू नका. काडतुसांचा हप्ता आहेच, त्यावर व्याजाचा कशाला?

स्कोप जुन्याचा काढून नव्यावर चढवायचा विचार दिसतोय, तो तेवढा बदला. मग .३०८ कपाटात जाईल आणि सराव महागड्या काडतुसांवर येईल. तिच्यावर साधासा स्कोप बसवा. तुमच्या रकमेतून रायफल घेतल्यावर शंभर काडतुसांएवढे पैसे उरतात. त्यातला पाव भाग या स्कोपला आणि बाकीच्यातून एकाच लॉटची, म्हणजे एकाच खेपेत बनलेली, पंचाहत्तर काडतुसं रायफलीबरोबरच घ्या. लॉट बदलला की नेम पुन्हा तपासावा लागतो आणि त्यात पाच-सात गोळ्या जातात. पाव भागात स्कोप बसत नसेल तर रायफल पुढच्या हंगामाला घ्या.

आणि पैसे मोजण्याआधी कोणाची तरी हलकी पीआरसी मागून पाच गोळ्या झाडा. त्यांतल्या एखाद्या वेळी तुमच्या नकळत रिकामी पुंगळी घालायला मित्राला सांगून ठेवा. नळी हलली नाही, तर मला पुन्हा पत्र लिहायची गरज नाही.